नवं घर भाड्यानं

मथुराबाईची एफडी पुरी झाली त्याच आठवड्यात अतुललाही बँकेनं बोलावलं होतं. म्हणून मायलेक एकाच ऑटोत बसून वणीच्या बाजारातल्या बँकेत गेले. दिवाळी उरकून गेली होती, पण ऊन अजून पाठ सोडत नव्हतं. रस्त्यानं कोळशाचे ट्रक चालले होते. मथुराबाईनं तोंडावर पदर धरला होता, आणि दुसऱ्या हातानं कापडी पिशवी पोटाशी.

पिशवीत एफडीचा कागद होता. तिचा नवरा उकंडा राजूरच्या खाणीत जमिनीखाली कोळसा काढायचा. रिटायर झाल्यावर जे मिळालं त्यातून वणीच्या नव्या ले-आऊटमध्ये प्लॉट घेतला. उरलेले सहा लाख मथुराबाईच्या नावानं ठेवले. पुढं दोनच वर्षांत छातीच्या दुखण्यानं तो गेला. प्लॉटवर घर बांधलं ते अतुलनं, कर्ज काढून. तो एसटीत कंडक्टर होता, पगार पक्का होता, बँकेनं आढेवेढे घेतले नाहीत.

काउंटरवरचा साहेब अतुलपेक्षाही लहान होता. त्यानं कागद पाहिला आणि हसला.

"आजी, यंदा तुमची मजा आहे. मागच्या वेळी सहाच्या आत होतं, आता साडेसात टक्के."

"म्हणजे किती भेटन?"

"महिन्याला आठशे रुपये तरी जास्त."

मथुराबाईला पटकन खरं वाटलं नाही. आजवर जेव्हा जेव्हा ती हा कागद बदलायला आली, तेव्हा व्याज घटलेलंच होतं. एकदा घटलं तेव्हा तिनं स्वतःचं सकाळचं दूध बंद केलं. पुन्हा घटलं तेव्हा गुडघ्याच्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला लागली. घरात कोणाला ते कळलं नव्हतं, तिनं कळू दिलं नव्हतं. आज पहिल्यांदा वाढलं होतं. तिनं वाकून, जीभ दाताखाली धरून, मोठ्या अक्षरात सही केली.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून अतुलचा आवाज आला. "असं कसं म्हणता साहेब? हप्ता तर एकही चुकला नाई माह्या."

ती उठून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. कर्जाचा साहेब चष्मा पुसत समजावून सांगत होता. "हप्ता चुकला असं मी म्हणतच नाही. तुमचं व्याज बदलतं आहे. वरून दर वाढले. आम्ही हप्ता तोच ठेवला, तर तुमची वर्षं वाढत गेली. आता ती वर्षं तुमच्या रिटायरमेंटच्या पुढं चालली. त्याच्या पलीकडे मला वाढवता येत नाहीत. म्हणजे हप्ता वाढवावा लागेल."

"किती?"

"अडीच हजार."

अतुलनं टेबलावरचा कागद आपल्याकडे ओढला.

"नाही तर एकरकमी काही भरा," साहेब म्हणाला. "मुद्दल खाली आलं की हप्ता आपोआप खाली येईल." हे बोलताना त्याची नजर मथुराबाईच्या पिशवीकडे गेली, किंवा तिला तसं वाटलं.

"साहेब," ती म्हणाली, "तिकडं माह्यं वाढलं, अन् इकडं याचंही वाढलं?"

"हो आजी. कारण एकच आहे."

"मंग आमच्या घरात काय आलं?"

साहेब हसला. मागच्या रांगेतला एक माणूसही हसला. अतुल हसला नाही. त्यानं आपला कागद घडी करून खिशात घातला आणि "चाल माय" म्हणत बाहेर निघाला.

*

घरी अतुलच्या बायकोनं, पायलनं, पाट्यावर चटणी वाटायला घेतली होती. मिक्सर होता, पण चटणी पाट्यावरचीच पाहिजे, आणि पाटा ठेवायला तिनं ओट्याखाली खास जागा करून घेतली होती. हे घर बांधताना पायल गवंड्याच्या डोक्यावर उभी राहायची. किचनच्या टाइल्स तिनं तीन दुकानं पालथी घालून आणल्या होत्या, फिकट हिरव्या, काठाला बारीक पानांची वेल. भन्तेजी घरप्रवेशाला आले तेव्हा वंदना झाल्याबरोबर तिनं मारेगावहून आलेल्या आपल्या माहेरच्या बायांना आधी किचन दाखवलं होतं. शिलाईची मशीन पुढच्या खोलीत, खिडकीशी. ले-आऊटमधल्या बाया ब्लाउज टाकायला यायच्या आणि बसून राहायच्या.

जेवताना अतुलनं सांगितलं. पायलचा हात ताटात तसाच राहिला. नात सलोनी आजीच्या मांडीला टेकून पापड खात होती, तिला अतुलनं टीव्ही पाहायला पाठवलं.

"अडीच हजार कुठून काढाचे?" पायल म्हणाली. "ब्लाउज शिवून भेटते किती, तुमाले माहीत हाय."

अतुल काही वेळ वरणात भाकर कुस्करत बसला. मग आईकडे न पाहता म्हणाला, "माय, सहा लाख भरले ना, तर हप्ता साडेदहा हजारावर येते. साहेबानं हिशोब करून देल्ला. आता साडेसोळा होऊन राह्यला. तुले महिन्याला जे लागन ते मी देत जाईन."

मथुराबाईनं घास गिळला. "नाई," ती म्हणाली.

तिचं तिलाच नवल वाटलं. अतुलला ती आजवर कशालाही नाही म्हणाली नव्हती.

"काहून?"

"तो पैसा राहू दे."

"कायले राहू दे? वर घेऊन जाशीन का संगं?"

शब्द तोंडातून गेल्यावर अतुलची मान खाली गेली. पायलनं मथुराबाईच्या पुढचं ताट उचललं. त्यात अर्धी भाकर बाकी होती, ती तिनं पाहिली की नाही कोणास ठाऊक.

काहून, ते मथुराबाईला सांगता आलं नसतं असं नाही. उकंड्याला दम लागून ओठ निळे पडले होते, त्याला नागपूरला न्यायचं होतं. कागद पुरा व्हायला अवकाश होता, आधी मोडता येतो हे तिला माहीत नव्हतं. अतुल तेव्हा ड्यूटीवर लांब. ती दिराच्या दारात जाऊन उभी राहिली. दीर म्हणाला, "थांब वहिनी, तोंड धुऊन येतो." तो आत गेला आणि बाहेर आलाच नाही. ओट्यावर ती इतका वेळ उभी होती की समोरची बाई दोनदा पाहून गेली. शेवटी जावेनं दारातून, पडदा न सरकवता सांगितलं, "ते झोपले." हे तिनं अतुलला कधी सांगितलं नव्हतं. काका-पुतण्यात वैर नको म्हणून. आता तर दीरही राहिला नव्हता.

वाढलेला हप्ता पगारातून दोनदा कापला गेला. सलोनीच्या शाळेच्या व्हॅनवाल्यानं दारात येऊन चारचौघांत पैसे मागितले. मथुराबाईनं आपल्या व्याजातून ते दिले, पायलनं घेतले, पण त्या दिवसापासून सासूशी कामापुरतंच बोलायला लागली. आणि एका सकाळी मशीनवर वाकलेली असताना ती अतुलला म्हणाली, "तो डेपोतला माणूस घर मागत होता ना, कोळशाच्या ठेकेदाराच्या लोकाइले? देऊन टाका."

"अन् आपण?"

"राजूरले हाय ना तुमचं घर. कवेलूचं."

अतुल आईकडे पाहत राहिला. मथुराबाईनं लसूण सोलणं थांबवलं नाही.

*

राजूरचं घर उकंड्याच्या बापानं बांधलेलं, दोन खोल्यांचं. पाच वर्षं बंद होतं. वांदरांनी छपराचे कवेलू खाली-वर करून टाकले होते, एका कोपऱ्यातून आभाळ दिसत होतं. भिंतीचे पोपडे सुटले होते आणि सगळ्यावर कोळशाची काळी भुकटी बसली होती, चुलीवरसुद्धा. दार उघडल्याबरोबर पायल उंबऱ्याबाहेरच थांबली. मथुराबाई मात्र सरळ आत गेली, पदर खोचला आणि कोपऱ्यातला झाडू उचलला.

अतुलला सुटी मिळेना. सकाळी तो वणीला डेपोत जाई आणि दोघी सासू-सुना कामाला लागत. शेजारची तानाबाई कमरेवर हात ठेवून पाहायला आली.

"काहून व बाई? नव्या घरात गमलं नाई का?"

"गमलं," मथुराबाई म्हणाली. "म्हणूनच भाडं चांगलं भेटलं."

तानाबाई आपल्या अंगणात परत गेली. पायलनं तोंड फिरवलं.

मथुराबाई शिडीवर चढली. गुडघा प्रत्येक पायरीला कुरकुरत होता. खालून पायल एकेक कवेलू पुसून वर देत होती, वरून मथुराबाई ते एकावर एक चढवून बसवत होती. फुटकं निघालं की खाली टाकायची. बांबूच्या कमच्या कुजल्या होत्या तिथं नव्या बांधल्या. दुपारी उन्हानं कवेलू इतके तापत की हातात धरवत नसत. पायलची बोटं काळी झाली आणि अंगठ्याजवळ चिरली. तिनं चिंधी गुंडाळली, पण थांबली नाही. दिवसभरात दोघींच्यात "द्या" आणि "घे" याच्यापलीकडे शब्द नव्हता. मध्येच एखादा ट्रक जाई आणि पुसलेल्या कवेलूवर पुन्हा भुकटी बसे.

छप्पर झाल्यावर भिंती. गावच्या भट्टीवरून कळीचा चुना आणला. मथुराबाईनं अंगणात लोखंडी ड्रमात तो भिजत घातला आणि बजावलं, "त्याच्याजवळ जाऊ नको आता. उकळते तो." मग ती पाणी आणायला नळावर गेली.

पायलला ते ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल आणि तिला काम संपवायची घाई झाली असेल. मथुराबाई हंडा घेऊन वळली तेव्हा किंकाळी ऐकू आली.

पायल ड्रमाशेजारी बसली होती, दोन्ही हातांनी डावा डोळा दाबून. चुना ढवळायची काठी बाजूला पडली होती. मथुराबाईनं हंडा तसाच उचलून आणला, सुनेला मातीत आडवी केली आणि गुडघा तिच्या खांद्यावर रोवला.

"सोडा मले! जळून राह्यलं व माय!"

"डोळा उघड. उघड म्हणतो ना!"

पापणी दोन बोटांनी ताणून धरून ती पाणी ओतत राहिली. हंडा संपला. तानाबाई धावत आली, तिनं आपल्या घरातली घागर आणली. तीही संपली. पायल पाय झाडत होती, सासूच्या मनगटावर तिची नखं रुतली होती. मथुराबाईनं पापणी सोडली नाही. चुन्याच्या भट्टीवर काम करणाऱ्या बायांचे डोळे तिनं पाहिले होते.

ऑटोवाल्याला तिनं हाक मारली. वणीच्या दवाखान्यात डॉक्टरनं पुन्हा डोळा धुतला, औषध टाकलं, पट्टी बांधली. "लगेच धुतला म्हणून वाचला," तो म्हणाला. "नाही तर अवघड होतं. रोज दाखवायला या."

बाहेर खिडकीवर पैसे मागितले. मथुराबाईनं पोलक्यातून बटवा काढला आणि नोटा ठेवल्या. औषधाच्या दुकानातही ठेवल्या. ऑटोवाल्याला जाण्या-येण्याचे दिले. अतुलला फोन लागत नव्हता, त्याची गाडी कुठं तरी जंगलातल्या रस्त्याला होती. तो लागायची वाट पाहायची गरज पडली नाही. हे तिच्या मनात आलं, पण पट्टी बांधून बाकड्यावर बसलेल्या पोरीला ते काय सांगायचं.

घरी आल्यावर पायल भिंतीकडे तोंड करून पडली. मथुराबाईनं चहा आणून ठेवला.

"तुमच्याजवळ होतं, आत्याबाई," पायल म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भांडणाचा नव्हता. "तुमी देल्लं असतं तर मी माह्या घरात मशीनवर बसून असतो."

मथुराबाई दारात उभी राहिली. बाहेर ड्रमातला चुना आता थंड होऊन पांढऱ्या दह्यासारखा बसला होता. तिनं कुंचा घेतला आणि एकटीनं भिंती रंगवायला सुरुवात केली. अंधार पडेपर्यंत तिचा हात वर-खाली होत राहिला.

*

पट्टी निघाली तरी पायलचा डोळा लालच होता. उन्हाळा लागला. नव्या घराचं भाडं पहिले दोन महिने वेळेवर आलं, पुढचे दोन महिने आलं नाही. फोन केला की "कल देता हूँ" ऐकू येई. अतुलची ड्यूटी लांबच्या गाडीवर होती. शेवटी दोघी सासू-सुना डोळा दाखवायच्या दिवशी दवाखान्यातून ले-आऊटमध्ये गेल्या.

पायलनं फाटकाची कडी सवयीनं आतून हात घालून काढली, आणि मग थबकली. कडी पुन्हा लावली. बाहेरून वाजवली.

शंकरसिंग म्हणून सुपरवायझर होता, तो बनियनवर बाहेर आला. माणूस वाईट नव्हता. "अरे, आओ माताजी, आओ दीदी, बैठो," म्हणत त्यानं प्लास्टिकच्या खुर्च्या पुसल्या. जिथं मशीन असायची तिथं तीन खाटा होत्या. भिंतीला खिळे, खिळ्यांना हेल्मेट आणि काळवंडलेले शर्ट. ठेकेदारानं पगार लांबवला होता, म्हणून भाडं राहिलं, असं तो सांगत होता. आज दोन्ही महिन्यांचं देतो म्हणाला आणि आतल्या पेटीकडे गेला. दुसऱ्या एकानं किचनमध्ये चहा ठेवला.

पायल खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती, पाहुण्या घरी बसावं तशी. मग ती उठली आणि किचनच्या दारापर्यंत गेली. मथुराबाईनं मागून पाहिलं. हिरव्या टाइल्सवर तेलाचे ओघळ होते. ओट्याखाली, पाट्याच्या जागी, कोळशानं भरलेले बूट ठेवलेले. खालची एक टाइल तडकली होती, तिच्यावरची पानांची वेल मधोमध तुटली होती. पायल खाली बसली आणि पदराच्या टोकानं ती टाइल पुसायला लागली. आधी हळू, मग जोरात.

"रहने दो दीदी," चहा करणारा पोरगा संकोचून म्हणाला, "यहाँ तो रोज का है."

पायल उठली. "हो," ती म्हणाली. "राहू द्या."

चहा दोघींनी घेतला. त्याची चव मथुराबाईला कळली नाही.

*

वणीच्या स्टँडवर राजूरची गाडी लागायची होती. बाकडं तापलं होतं, तरी दोघी त्याच्यावरच बसल्या. भाड्याचे पैसे पायलच्या पर्समध्ये होते आणि पर्स तिनं दोन्ही हातांनी धरली होती. तिच्या लाल डोळ्यातून पाणी येत होतं. ते डोळ्याचं दुखणं होतं की दुसरं काही, ते मथुराबाईनं विचारलं नाही.

"पायल," ती म्हणाली, "तुह्या सासऱ्याले नागपूरले न्याचं होतं ना, तवा मी तुह्या चुलत सासऱ्याच्या दारात उभी होतो. गाडीच्या पैशासाठी."

पायलनं मान वळवली नाही.

"तो आत गेला, तो आलाच नाई. मी किती वेळ उभी होतो ओट्यावर. लोक पाहत होते. निघाले उशीर झाला. डॉक्टर म्हणे, लवकर आणाचं होतं." ती थांबली. पलीकडे एक गाडी मागे घेत होते, कंडक्टरची शिटी वाजत होती. "हे अतुलले माहीत नाई. सांगू नको."

"मले काहून सांगता मंग?"

"तू म्हणली होती, तुमच्याजवळ होतं म्हणून. होतं. हाय. मी नाई मोडत तो पैसा. माह्यावर राग धर, बोलू नको, चालन मले. पण मी नाई मोडत."

पायलनं पदरानं डोळा टिपला. मग म्हणाली, "राग धरून काय होते? हप्ता थोडी ना कमी होते."

"नवं घर कोनाच्या नावानं हाय?" मथुराबाई म्हणाली.

"ह्यायच्या."

"कर्ज?"

"त्यायच्याच."

"अन् हे जुनं?"

"ते तुमच्या सासऱ्याच्या नावानं असन अजून. मले काय माहीत?"

"तुह्या नावानं काय हाय?" मथुराबाईनं विचारलं.

पायलनं पहिल्यांदा सासूकडे पाहिलं. एक डोळा पांढरा, एक लाल. तिनं तोंड उघडलं, मशीन म्हणणार होती बहुतेक, पण मशीनही अतुलनं हप्त्यावर घेतली होती.

"बँकेत जाऊ दोघी," मथुराबाई म्हणाली. "कागदावर माह्या नावाच्या खाली तुह्यं नाव टाकाले सांगतो. दोघीचं. मी हाय तवर व्याज माह्यं, मी खाईन. मंग तुह्यं. अन् मधात कधी तुले दवाखान्यात जावं लागलं, पोरीले न्यावं लागलं, तर कोनाच्या ओट्यावर उभी राहू नको."

"ह्याइले काय सांगाचं?"

"हेच सांगाचं."

"चिडतीन."

"चिडू दे. माह्याच पोटचा हाय."

राजूरची गाडी लागली. लोक धावले. मथुराबाईचा गुडघा पायरीवर उचलेना, तेव्हा पायलनं मागून तिच्या कमरेला हात लावून वर चढवलं आणि खिडकीजवळची जागा दिली. गाडी निघाली. ले-आऊटकडे जाणारा फाटा आला, गेला. पायल समोरच्या सीटच्या दांड्याला धरून उभी होती. पुढं निर्गुडा नदीचा पूल ओलांडल्यावर ती वाकून सासूच्या कानाशी म्हणाली, "सोमवारी नळाची पाळी हाय आपली. मंगळवारी जाऊ."